धाग्याच्या वाट्याची स्मृती : सी भाषेतील बहुधागी आज्ञावल्यांचा एक इतिहास

प्रस्तावना

नवी मुंबईतील खारघर येथे प्रगत संगणन विकास केंद्राचे, अर्थात सी-डॅकचे, संकुल आहे. या संस्थेची वंशावळ दुहेरी आहे. तिची एक शाखा मुंबईची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिसरात वाढलेल्या सॉफ्टवेअरविषयक केंद्रातून १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी स्वतंत्र झाले आणि डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली त्याने सॉफ्टवेअरच्या अध्यापनाला शिस्त आणली. दुसरी शाखा पुण्याची. अमेरिकेकडून महासंगणक मिळत नाही असे स्पष्ट झाल्यावर १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि मूळचे अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर यांच्याकडे समांतर संगणक बांधण्याचे काम आले. २००३ साली एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. सॉफ्टवेअर शिकवणारी परंपरा आणि समांतर यंत्र बांधणारी परंपरा अशा रीतीने एका नावाखाली आल्या.

या दोन्ही परंपरांना एक प्रश्न सारखाच भेडसावत होता. एकाच आज्ञावलीने एकाच वेळी अनेक कामे करावयाची असतील, तर प्रत्येक कामाच्या वाट्याला किती स्मृती द्यावी आणि ते कोणी ठरवावे? प्रस्तुत लेखात सी भाषेच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. पाठ्यपुस्तकांत तो बहुधा एका परिच्छेदात आटोपला जातो. प्रत्यक्षात गेल्या तीन-साडेतीन दशकांत त्याचे उत्तर अनेकदा बदलले आहे आणि प्रत्येक बदलाची किंमत कोणाला तरी मोजावी लागली आहे.

आरंभी संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. चालू स्थितीतील आज्ञावलीला प्रक्रिया म्हणतात. प्रक्रियेच्या अंतर्गत स्वतंत्रपणे पुढे सरकणाऱ्या कार्यप्रवाहाला थ्रेड म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘धागा’ हा शब्द रूढ होत आहे व येथे तोच वापरला आहे. एका प्रक्रियेतील सर्व धागे तिची स्मृती सामाईक वापरतात. तथापि प्रत्येक धाग्याला एक जागा स्वतःची लागते, ती म्हणजे स्टॅक. फंक्शनने फंक्शनला हाक मारली की परतीचा पत्ता, स्थानिक चल आदी गोष्टी स्टॅकवर एकावर एक रचल्या जातात आणि परतताना उलट क्रमाने उतरवल्या जातात. आज्ञावली ‘मॅलॉक’द्वारे मागून घेते ती स्मृती हीपवरची. हीप सर्वांचा, स्टॅक ज्याचा त्याचा.

मोजून-मापून दिलेली स्मृती

महाराष्ट्रातील एका पिढीने सी भाषा नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातून आणि टर्बो सी या संकलकावर शिकली. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळाही याला अपवाद नव्हत्या. टर्बो सीच्या छोट्या प्रतिमानात आज्ञावलीची सर्व विदा, हीप आणि स्टॅक मिळून ६४ किलोबाइटच्या एका खंडात बसवावे लागे. त्यांपैकी स्टॅकच्या वाट्याला, काही सांगितले नाही तर, ४,०९६ बाइट येत. ‘_स्टॅकलेन’ नावाच्या चलात वेगळा आकडा लिहून हा वाटा वाढवता येई. पुनरावर्ती फंक्शन लिहिताना थांबण्याची अट विसरलेल्या विद्यार्थ्याला या मर्यादेची ओळख लवकर होई. तपासणीचा पर्याय निवडलेला असेल तर ‘स्टॅक ओव्हरफ्लो!’ असा संदेश तरी मिळे. नसेल तर यंत्र गोठे. येथे धागा एकच होता. पण स्मृती मोजूनच मिळते हा धडा त्यात होता.

त्याच सुमारास पुण्यात हाच धडा अधिक कठोरपणे गिरवला जात होता. १९९१ साली पूर्ण झालेला परम ८००० हा महासंगणक ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या टी८०० मालिकेतील ट्रान्सप्युटर या प्रक्रियकांवर उभारला होता. ट्रान्सप्युटरचे वैशिष्ट्य असे की कार्यप्रवाहांची अदलाबदल प्रचालन प्रणाली करीत नसे, ती प्रत्यक्ष यंत्रातच होई. प्रत्येक प्रवाहाची ओळख म्हणजे जवळजवळ दोनच गोष्टी : त्याच्या कार्यक्षेत्राचा पत्ता आणि पुढील आज्ञेचा पत्ता. त्यामुळे एका प्रवाहाकडून दुसऱ्याकडे जाण्यास एक मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ पुरे. चिपवरील जलद स्मृती मात्र अवघी ४ किलोबाइट होती. बाकीची स्मृती बाहेर आणि तुलनेने संथ.

ट्रान्सप्युटरची मातृभाषा ऑकम. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या संवादी प्रक्रियांच्या सिद्धांतावर डेव्हिड मे यांनी ती रचली. मूळ ऑकममध्ये पुनरावृत्ती नव्हती आणि चालू असताना स्मृती मागण्याची सोयही नव्हती. परिणामी कोणत्या प्रवाहाला किती जागा लागेल हे संकलनाच्या वेळीच अचूक ठरे. सी भाषा ट्रान्सप्युटरवर आली तेव्हा ही खात्री संपली, कारण सी भाषेत पुनरावृत्तीही आहे आणि पॉइंटरही. म्हणून इन्मॉसच्या सी संचात प्रवाह निर्माण करणाऱ्या ‘प्रॉकअलॉक’ या फंक्शनला कार्यक्षेत्राचा आकार हे स्वतंत्र मूल्य द्यावे लागे. जे काम ऑकमचा संकलक करीत होता ते आता सी आज्ञावलीकाराच्या माथी आले.

या स्थित्यंतराचे गांभीर्य एका गोष्टीत आहे. टी८००मध्ये स्मृतीचे रक्षण करणारा घटक नव्हता. एखाद्या प्रवाहाचा स्टॅक त्याच्या वाट्यापेक्षा वाढला तर तो निमूटपणे शेजाऱ्याच्या स्मृतीत शिरे. आज्ञावली थांबत नसे, उत्तर चुकीचे येई. हवामानाचे किंवा द्रवगतिकीचे गणित करणाऱ्या यंत्रात न थांबणारी चूक ही थांबणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी अधिक घातक होय.

गुणधर्मांची पेटी

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील विद्यापीठे आणि कंपन्या धाग्यांचे आपापले संच तयार करू लागल्या होत्या. सन कंपनीच्या सोलॅरिसमध्ये धागा निर्माण करणाऱ्या ‘थ्र_क्रिएट’ला पहिली दोन मूल्येच स्टॅकचा पत्ता व स्टॅकचा आकार अशी होती. शून्य दिले तर प्रणाली ३२ बिटांच्या यंत्रावर १ मेगाबाइटचा स्टॅक आपल्या मनाने देई. सी-डॅकचा १९९८ सालचा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क प्रक्रियकांवर उभा होता. सात वर्षांपूर्वी किलोबाइट मोजणाऱ्यांच्या हाती आता न मोजता मिळणारा मेगाबाइट आला होता.

या विविध संचांना एक सामाईक रूप देण्याचे काम पॉझिक्स समितीने केले. अनेक मसुद्यांनंतर १९९५ साली १००३.१सी हे प्रमाण संमत झाले. त्यातील चौथा मसुदाच प्रमाण मानून काही कंपन्यांनी आपली उत्पादने बाजारात आणली होती आणि त्यांच्याशी जुळवून घेण्याची डोकेदुखी पुढे बराच काळ टिकली. समितीने स्टॅकचा आकार थेट ‘पीथ्रेड_क्रिएट’च्या मूल्यांत ठेवला नाही. त्याऐवजी गुणधर्मांची एक बंद पेटी कल्पिली. ‘पीथ्रेड_अ‍ॅट्र_इनिट’ने पेटी सिद्ध करावी, ‘पीथ्रेड_अ‍ॅट्र_सेटस्टॅकसाइझ’सारख्या फंक्शनांनी तीत हवे ते भरावे, धागा निर्माण करताना पेटी दाखवावी आणि मग ‘पीथ्रेड_अ‍ॅट्र_डिस्ट्रॉय’ने ती मोडावी. धागा जन्मतेवेळी गुणधर्मांची नक्कल घेतो. त्यामुळे नंतर पेटी मोडली तरी चालत्या धाग्याला धक्का लागत नाही. पेटी मोडली की धाग्याची स्मृतीही मुक्त होते, असा नवशिक्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

बंद पेटीचा लाभ भविष्यात दिसला. १९९७ साली युनिक्सच्या एकीकृत विनिर्देशात रक्षकपट्ट्याचा, म्हणजे स्टॅकच्या टोकाशी ठेवावयाच्या निषिद्ध स्मृतीचा, गुणधर्म वाढवला गेला आणि जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालत राहिल्या. धागा मर्यादा ओलांडून या पट्ट्यावर लिहू लागला की यंत्र आज्ञावली तत्काळ थांबवते. ट्रान्सप्युटरवर निमूट घडणारी चूक येथे आरडाओरडा करून प्रकट होते. अर्थात स्थानिक चल म्हणून प्रचंड मोठी सारणी घोषित केली तर एखादा धागा हा पट्टा एका उडीत ओलांडूही शकतो.

समितीच्या सर्वच कल्पना टिकल्या नाहीत. स्टॅकचा केवळ पत्ता देण्याचा गुणधर्म प्रमाणात होता. पण पत्ता म्हणजे स्टॅकचे कोणते टोक? बहुतेक यंत्रांवर स्टॅक वरून खाली वाढतो, ह्यूलेट-पॅकार्डच्या पीए-रिस्क यंत्रांवर खालून वर. प्रमाणाने याचा निर्णय स्पष्ट केला नव्हता. शेवटी २००१ साली पत्ता व आकार एकत्र देणारे ‘पीथ्रेड_अ‍ॅट्र_सेटस्टॅक’ आले आणि २००८च्या आवृत्तीतून जुने फंक्शन वगळले गेले.

आणखी एक गुणधर्म स्मृतीशी निगडित आहे, तरी त्याच्या नावावरून तसे वाटत नाही. प्रत्येक धागा मुळात ‘जोडण्याजोगा’ जन्मतो. त्याचे काम संपले तरी कोणी ‘पीथ्रेड_जॉइन’ करून त्याचा निकाल विचारेपर्यंत त्याची नोंद आणि स्टॅक राखून ठेवला जातो. निकालाची कोणालाच गरज नसेल तर धागा ‘विलग’ म्हणून जन्माला घालावयास हवा. हे विसरलेली सेवा प्रत्येक मागणीसाठी एक धागा निर्माण करते, धागा काम करून संपतो आणि मागे स्टॅक ठेवून जातो. प्रयोगशाळेत दहा धाग्यांच्या आज्ञावलीत हे कधीच दिसत नाही. दिवसभर चालणाऱ्या सेवेत मात्र संध्याकाळपर्यंत धागा निर्माण होणेच बंद होते.

आठ मेगाबाइटचे औदार्य

लिनक्सवरील पहिला सार्वत्रिक धागासंच १९९६ साली फ्रान्सच्या झेव्हियर लरॉय यांनी लिहिला. लिनक्सथ्रेड्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संचात स्टॅकसाठी २ मेगाबाइटचे ठरावीक गाळे असत आणि एका प्रक्रियेत जास्तीत जास्त १,०२४ धागे मावत. प्रक्रियांच्या यादीत प्रत्येक धागा वेगळी प्रक्रिया म्हणून दिसे. तीच सामाईक स्मृती प्रत्येक ओळीत पुन्हा मोजलेली पाहून अनेकांनी सेवा विनाकारण बंद केल्या असतील.

सप्टेंबर २००२ मध्ये उलरिच ड्रेपर व इंगो मोलनार यांनी एनपीटीएल हा नवा संच जाहीर केला. एक लाख धागे निर्माण करून संपवण्याच्या चाचणीस जुन्या संचाला पाव तास लागत असे, नव्याला दोन सेकंद. मार्च २००३ मध्ये रेड हॅट लिनक्स ९ सोबत तो सर्वसामान्यांच्या हाती आला. महापे, ऐरोली, वाशी या भागांत त्या वेळी सॉफ्टवेअर कंपन्या विस्तारत होत्या आणि युनिक्सवरील सेवा लिनक्सवर नेण्याचे काम भारतभर चालू होते.

नव्या संचाने स्टॅकचा आकार ठरवण्यासाठी एक सोपा मार्ग पत्करला. आज्ञावलीकाराने काही सांगितले नाही, तर प्रक्रियेच्या स्टॅकवर असलेली ‘यूलिमिट’ची मर्यादाच प्रत्येक धाग्याला लागू करावयाची. ही मर्यादा बहुधा ८ मेगाबाइट असते. ३२ बिटांच्या लिनक्सवर प्रक्रियेला ३ गिगाबाइट पत्ते मिळतात. ३,०७२ला ८ने भागले की ३८४. म्हणजे आज्ञावलीचा बाकी सर्व भाग शून्य धरला तरी चारशे धागेसुद्धा निर्माण होऊ शकत नाहीत. सोलॅरिसवर १ मेगाबाइटच्या स्टॅकने हजार धागे सुखेनैव चालवणारी सेवा लिनक्सवर आणली की साडेतीनशेच्या पुढे ‘पीथ्रेड_क्रिएट’ नकार देई, आणि यंत्रात मोकळी स्मृती तर भरपूर दिसे. एक लाख धाग्यांची ख्याती ऐकून आलेल्यांना हे कोडे वाटे. उपाय एका ओळीचा होता : गुणधर्मांच्या पेटीत २५६ किलोबाइट लिहिणे. पण पेटीच्या जागी ‘नल’ देण्याची सवय पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांनीच लावली होती.

आरक्षण आणि वस्ती

या कोड्याचे मूळ आरक्षित स्मृती आणि प्रत्यक्ष व्यापलेली स्मृती यांतील भेदात आहे. नवी मुंबईच्या वाचकाला हा भेद समजावून सांगणे सोपे आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या शहरासाठी निश्चित केली. वाशीचा नोड आधी वसला. उलवे, द्रोणागिरी हे नोड आराखड्यात होते तरी तेथील नियोजित वसाहती पुष्कळ नंतर उभ्या राहिल्या. धाग्याचा ८ मेगाबाइटचा स्टॅक हा असाच आराखडा असतो. धागा जेव्हा एखाद्या भागाला प्रत्यक्ष स्पर्श करतो तेव्हाच ४ किलोबाइटचे एकेक पान खऱ्या स्मृतीतून दिले जाते. दहा हजार धाग्यांची आज्ञावली ८० गिगाबाइटचे आरक्षण दाखवते आणि वापर काहीशे मेगाबाइटपर्यंतच असू शकतो. केवळ आरक्षणाला काही खर्च नाही, असे यावरून कोणी म्हणेल. पण जमिनीच्या आरक्षणाची किंमत आधीपासून राहणाऱ्यांना मोजावी लागते हे येथील प्रकल्पग्रस्तांच्या इतिहासाने दाखवले आहे, आणि ३२ बिटांच्या यंत्रावर पत्त्यांची टंचाई हीच ती किंमत होती. ६४ बिटांत पत्ते विपुल झाले आणि टंचाई विस्मृतीत गेली.

ती परतली हीपच्या वाटेने. अनेक धाग्यांनी एकाच वेळी ‘मॅलॉक’ केले की एकाच कुलपापाशी रांग लागते. डग ली यांच्या वाटपकारावर आधारून वोल्फ्राम ग्लोगर यांनी अनेक ‘अरिना’ असलेला वाटपकार रचला होता व जीलिबसी या ग्रंथालयाने तो स्वीकारला होता. २.१० आवृत्तीपासून धाग्यांना शक्यतो स्वतंत्र अरिना देण्याकडे कल वाढला. ६४ बिटांच्या यंत्रावर प्रत्येक नवा अरिना ६४ मेगाबाइटचे आरक्षण करतो आणि अरिनांची कमाल संख्या गाभ्यांच्या आठपट असते. आठ गाभ्यांच्या यंत्रावर ६४ अरिना, म्हणजे ४ गिगाबाइट. २०१० सालच्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ वर सेवा हलवल्या तेव्हा मूळ आज्ञावलीत एक अक्षरही न बदलता आभासी स्मृती फुगलेली अनेकांना दिसली. हडूपसारख्या प्रकल्पाने ‘मॅलॉक_अरिना_मॅक्स’ या परिसर-चलाचे मूल्य ४ ठेवून तिला आवर घातला.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. अरिनांमुळे वाढलेली स्मृती नेहमी केवळ कागदावरचीच असते असे नाही. एका धाग्याने घेतलेली व दुसऱ्याने मुक्त केलेली स्मृती मूळ अरिनातच परत जाते. तेथे ती मोकळी पडून राहते आणि दुसऱ्या अरिनातील धागा मात्र नवी पाने मागतो. शिवाय संपलेल्या धाग्यांचे स्टॅकही जीलिबसी लगेच परत करीत नाही. पुढील धाग्यांसाठी मुळात ४० मेगाबाइटपर्यंतचे स्टॅक ती राखून ठेवते. आज्ञावली निर्दोष असूनही वापराचा आकडा खाली येत नाही तो यामुळे. गळती शोधण्यात दिवस घालवण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे.

पुन्हा मोजणीकडे

पनवेल येथे २०२० साली योट्टा एनएम१ हे विशाल विदाकेंद्र सुरू झाले. अशा केंद्रांतील यंत्रे कोणा एकाची नसतात. एका यंत्रावर अनेक कंटेनर चालतात आणि प्रत्येकाला स्मृतीची मर्यादा आखून दिलेली असते. ती ओलांडली की लिनक्सचा गाभा प्रक्रिया मारून टाकतो. कंटेनरांत लोकप्रिय असलेल्या अल्पाइन लिनक्समधील मसल ग्रंथालयाने धाग्याचा स्वाभाविक स्टॅक प्रथम ८० किलोबाइट ठेवला होता व २०१९ साली तो १२८ किलोबाइट केला. ८ मेगाबाइटवर वाढलेली आज्ञावली तेथे नेली की कोसळू शकते. उलट जीलिबसीच्या २.३४ आवृत्तीत, २०२१ साली, स्टॅकचा किमान आकार हा स्थिरांक राहिला नाही. तो चालू असताना विचारावा लागण्याची सोय झाली, कारण नव्या प्रक्रियकांची रजिस्टरे इतकी रुंद झाली होती की संकेत हाताळताना ती साठवण्यासच जुना किमान स्टॅक अपुरा पडू लागला.

त्याआधीच्या वर्षी एका घटनेने धाग्यांच्या मोजणीचा प्रश्न जगापुढे आणला होता. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील कायनेसिस या सेवेत थोडी नवी यंत्रे जोडण्यात आली. तेथील दर्शनी ताफ्यातील प्रत्येक यंत्र ताफ्यातील इतर प्रत्येक यंत्रासाठी एक धागा उघडत असे. नवी यंत्रे आली तशी प्रत्येक जुन्या यंत्रावरील धाग्यांची संख्या वाढली आणि प्रचालन प्रणालीत आखलेली कमाल मर्यादा सर्व यंत्रांवर जवळजवळ एकदमच ओलांडली गेली. कंपनीने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार कारण स्मृती संपणे हे नव्हते, आखलेली मर्यादा हे होते. क्षमता वाढवण्यासाठी केलेल्या कृतीनेच सेवा ठप्प झाली. तिच्यावर विसंबलेल्या इतर सेवाही दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या.

सी भाषेने स्वतः या प्रश्नावर घेतलेली भूमिका विस्मयकारक आहे. २०११च्या प्रमाणात प्रथमच धागे भाषेचा अधिकृत भाग झाले. त्यातील ‘थ्रड_क्रिएट’ला तीन मूल्ये आहेत : धाग्याची ओळख, फंक्शन आणि फंक्शनला द्यावयाचे मूल्य. गुणधर्मांची पेटी नाही, स्टॅकचा आकार नाही. जीलिबसीने हे धागे २०१८ साली उपलब्ध केले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या आवृत्तीतही ही उणीव तशीच आहे. प्रमाणाच्या धाग्यांना लहान स्टॅक हवा असेल तर लिनक्सवर ‘पीथ्रेड_सेटअ‍ॅट्र_डिफॉल्ट_एनपी’ने स्वाभाविक मूल्यच बदलावे लागते; त्या नावातील शेवटची दोन अक्षरे ते अन्यत्र चालणार नाही असे सांगतात.

महासंगणनाच्या क्षेत्रात मात्र वेगळे घडले. नोडच्या आत धागे आणि नोडांमध्ये संदेश अशी रचना समूह-संगणकांवर रूढ झाली. नोडच्या आतील धाग्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएमपीच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘ओएमपी_स्टॅकसाइझ’ हे परिसर-चल आले. मोठ्या स्थानिक सारण्या असलेली आज्ञावली एका धाग्यावर नीट चालते आणि अनेक धाग्यांवर कोसळते, तेव्हा अनुभवी माणूस प्रथम याच चलाकडे पाहतो. २०२४ साली राष्ट्राला अर्पण झालेल्या परम रुद्र मालिकेतील एक यंत्र पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. परम ८०००वर ‘प्रॉकअलॉक’मध्ये लिहिला जाणारा आकडा तेथे आता काम यंत्राकडे सोपवण्याच्या संचिकेत, आज्ञावली सुरू होण्याच्या वरच्या ओळीत, लिहिता येतो.